उद्या नक्की : ‘गोदो’ची वाट पाहणाऱ्या नाटकाची सत्तर वर्षं

गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवातली गोष्ट. सांस्कृतिक कार्यक्रमांचा तिसरा दिवस. बक्षीस समारंभ साडेसातला सुरू व्हायचा होता, त्यानंतर मुलांची नृत्यं आणि एक छोटी नाटिका. प्रमुख पाहुणे यायचे होते आणि सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. पावणेआठला मी माईकवर सांगितलं, “पाहुणे घरून निघाले आहेत.” सव्वाआठला सांगितलं, “पाहुणे अगदी जवळ आले आहेत.” नऊ वाजता काय सांगितलं ते मला आठवत नाही, पण काहीतरी नक्की सांगितलं. विंगेत मावळ्यांच्या वेशातली पोरं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. छोट्या जिजाऊचं नाक नथीने लाल झालं होतं. साडेनऊला फोन आला की आज काही जमत नाही, उद्या नक्की येतो.

तो निरोप मी जसाच्या तसा माईकवर वाचून दाखवला. विंगेत आपल्या मंडळाचे एक ज्येष्ठ काका उभे होते. बँकेतून निवृत्त झालेले, तरुणपणी हौशी रंगभूमीवर भरपूर कामं केलेले. ते हसून म्हणाले, “अरे, तू तर गोदोचा पोरगा झालास की!”

मला काही कळलं नाही. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला माणूस. इंदूरला राहून मुंबई-पुण्याची नाटकं आली की बघायची, घरच्यांबरोबर हसायचं आणि येताना सराफ्यात खाऊन घरी यायचं, एवढाच माझा रंगभूमीशी संबंध. पुढच्या रविवारी काकांनी एक जुनं, पानं सुटलेलं इंग्रजी पुस्तक माझ्या हातात ठेवलं. सॅम्युएल बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’. शब्दकोश शेजारी घेऊन ते मी तीन आठवड्यांत वाचलं. मग २००१ साली मायकेल लिंडसे-हॉग या दिग्दर्शकाने त्यावर केलेला चित्रपट पाहिला. आणि मग या नाटकाचे प्रयोग कुठे कुठे झाले, कुणी कुणी केले, हे शोधण्याचा नादच लागला. त्या नादातून हाती आलेलं काही यंदाच्या स्मरणिकेसाठी लिहितो आहे.

नाटकात आहे तरी काय?

एक गावाबाहेरचा रस्ता, एक झाड, संध्याकाळची वेळ. दोन फाटके इसम, व्लादिमिर आणि एस्ट्रॅगॉन, गोदो नावाच्या कुणा गृहस्थाची वाट पाहत आहेत. तो कोण, कसा दिसतो, त्याच्याकडून नेमकं काय हवं आहे, हे दोघांनाही धड सांगता येत नाही. एकाचे बूट चावतात, दुसरा टोपी काढून आत डोकावतो. गाजर खातात, भांडतात, समेट करतात. मध्येच पोझो नावाचा एक जमीनदारी थाटाचा माणूस, लकी नावाच्या नोकराच्या गळ्यात दोर अडकवून येतो आणि जातो. शेवटी एक मुलगा निरोप घेऊन येतो की गोदो आज येणार नाहीत, उद्या मात्र नक्की येतील. दुसऱ्या अंकात दुसरा दिवस. झाडाला चार पानं फुटलेली. पोझो आंधळा झालेला, लकी मुका झालेला. पुन्हा मुलगा येतो, पुन्हा तोच निरोप. दोघं जायचं ठरवतात आणि जागचे हलत नाहीत. पडदा.

एका आयरिश समीक्षकाने १९५६ मध्ये या नाटकाबद्दल गंमतीने लिहिलं होतं की यात काहीच घडत नाही, आणि तेही दोन वेळा. या प्रकारच्या नाटकांना आपल्याकडे कुणी असंगत नाट्य म्हणतं, कुणी न-नाट्य, आणि बरेच लोक सरळ ‘ॲब्सर्ड’ म्हणून मोकळे होतात.

बेकेट मूळचा आयर्लंडचा. १९०६ मध्ये डब्लिनजवळ जन्मला आणि पुढे पॅरिसला स्थायिक झाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी फ्रान्स घेतल्यावर तो भूमिगत प्रतिकार चळवळीत काम करत होता. १९४२ मध्ये त्याच्या गटाचा घात झाला. तो आणि त्याची जोडीदार सुझान पॅरिसमधून निसटले आणि दक्षिणेतल्या रुसियाँ नावाच्या खेड्यात पोहोचले. तिथे शेतांवर काम करत, बातम्यांची वाट पाहत राहिले. हे नाटक त्याने ऑक्टोबर १९४८ ते जानेवारी १९४९ या काळात फ्रेंचमध्ये लिहिलं. पुढे स्वतःच त्याचं इंग्रजी केलं. रस्त्यावर उपाशीपोटी कुणाची तरी वाट पाहणं म्हणजे काय, हे त्याने पुस्तकातून शिकलेलं नव्हतं, एवढं यावरून समजतं.

पहिला प्रयोग ५ जानेवारी १९५३ रोजी पॅरिसच्या ‘थिएत्र द बाबिलोन’मध्ये झाला. सव्वादोनशेच्या आसपास खुर्च्यांचं लहानसं नाट्यगृह. दिग्दर्शक रोजे ब्लँ यानेच पोझोची भूमिका केली. पैसे नव्हते, नावाजलेला नट नव्हता. पण नाटक चाललं.

मोठ्या नटांचा नकार आणि एका मोठ्या नटाची फजिती

पुढची कथा मला अधिक रंजक वाटते, कारण ती नटांची आहे.

लंडनला हे नाटक करायचं ठरलं तेव्हा त्या काळातल्या बड्या नटांकडे विचारणा झाली. त्यात सर राल्फ रिचर्डसन होते. रिचर्डसननी बेकेटला भेटून प्रश्न विचारले. पोझो कोण, त्याची पार्श्वभूमी काय, गोदो म्हणजे देवच ना, वगैरे. बेकेटचं म्हणणं असं की मला देव म्हणायचं असतं तर मी देवच म्हटलं असतं. रिचर्डसननी नकार दिला आणि त्याची चुटपुट त्यांना पुढे लागून राहिली. शेवटी ३ ऑगस्ट १९५५ रोजी आर्ट्स थिएटरमध्ये, पीटर हॉल या २४ वर्षांच्या दिग्दर्शकाने, नामवंतांशिवायच प्रयोग केला. पहिल्या दिवशीच्या प्रतिक्रिया वाईट होत्या. रविवारच्या अंकांत हॅरल्ड हॉब्सन आणि केनेथ टायनन या दोन समीक्षकांनी पाठीशी उभं राहून लिहिलं म्हणून नाटक वाचलं आणि मोठ्या नाट्यगृहात गेलं.

अमेरिकेत उलट झालं. तिथे निर्मात्याने सुरुवातच नाववाल्या नटांनी केली. बर्ट लार हा विनोदी नट ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या १९३९ च्या चित्रपटातला भित्रा सिंह म्हणून घराघरात माहीत होता. त्याच्या जोडीला टॉम युएल. दिग्दर्शक ॲलन श्नायडर. प्रयोग ३ जानेवारी १९५६ रोजी मायामीत, सुट्टीवर आलेल्या पैसेवाल्या प्रेक्षकांसमोर. जाहिरातीत म्हटलं होतं की दोन खंडांना हसवून सोडणारं नाटक! लोक हसायला म्हणून आले आणि मध्यंतरात मोठ्या संख्येने उठून गेले. पहिला अंक संपायच्या वेळी टॅक्सी घेऊन दारात उभं राहिलं की भाडं हमखास मिळतं, हे तिथल्या टॅक्सीवाल्यांना कळून चुकलं होतं, असं सांगतात.

याच श्नायडरने एकदा बेकेटला विचारलं होतं की गोदो म्हणजे नेमकं कोण. उत्तर मिळालं की मला माहीत असतं तर मी नाटकातच सांगितलं असतं.

बर्ट लारने मात्र नाटक सोडलं नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नव्या दिग्दर्शकासह, नव्या संचासह तो न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर पुन्हा उभा राहिला आणि या वेळी त्याच्या कामाची वाहवा झाली. सुमारे साठ प्रयोग झाले. नट तोच, नाटक तेच. पण मायामीत लोकांना ‘तो भित्रा सिंह’ बघायचा होता. न्यूयॉर्कला निर्मात्याने जाहिरातच अशी केली की केवळ करमणुकीसाठी येणाऱ्यांनी येऊ नये. निदान चुकीच्या आशेने कुणी खुर्चीत बसलं नाही.

चौदाशे प्रेक्षक आणि एकही तिकीट नाही

यानंतरचा प्रयोग माझ्या मते या नाटकाच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा. १९ नोव्हेंबर १९५७. कॅलिफोर्नियातला सॅन क्वेंटिन हा तुरुंग. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘ॲक्टर्स वर्कशॉप’ या संस्थेने तिथल्या सुमारे चौदाशे कैद्यांसमोर ‘गोदो’ केलं. त्याआधी त्या तुरुंगात नाटक झालं होतं ते १९१३ मध्ये, सारा बर्नहार्ट या जगप्रसिद्ध नटीचं. नंतर ४४ वर्षं काही नाही. ‘गोदो’ निवडण्याचं एक कारण अगदी साधं होतं, यात स्त्रीपात्र नाही! हर्बर्ट ब्लाऊ या दिग्दर्शकाला धास्ती होती. पॅरिस-लंडनचे शिकलेले लोक जिथे गोंधळले, तिथे हे कसे बसणार? प्रयोगाआधी त्याने कैद्यांना चार शब्द सांगितले. जॅझ संगीत जसं आपण ऐकतो आणि त्यात आपल्याला जे सापडेल ते घेतो, तसं हे बघा.

कैदी शेवटपर्यंत बसून राहिले. गोदो म्हणजे काय, असा प्रश्न त्यांना पडला नाही. कुणी म्हणालं गोदो म्हणजे समाज, कुणी म्हणालं बाहेरचं जग. मार्टिन एस्लिन या अभ्यासकाने १९६१ मध्ये ‘द थिएटर ऑफ द ॲब्सर्ड’ हे पुस्तक लिहिलं, ज्यामुळे या नाटकांना त्यांचं नाव मिळालं, त्याची सुरुवातच त्याने या तुरुंगातल्या प्रयोगाने केली आहे.

त्या तुरुंगात रिक क्लची नावाचा जन्मठेपेचा एक कैदी होता. त्याला प्रयोगाला बसायची परवानगी नव्हती. कोठडीत ध्वनिवर्धकावरून त्याने नाटक फक्त ऐकलं. पुढे त्याने कैद्यांचा नाटकाचा गट उभा केला, त्यात बेकेटची नाटकं केली. १९६६ मध्ये त्याची शिक्षा कमी होऊन तो बाहेर आला आणि काही वर्षांनी बर्लिनमध्ये खुद्द बेकेटच्या दिग्दर्शनाखाली काम करू लागला. बेकेटला त्याआधी, १९६९ मध्ये, नोबेल पारितोषिक मिळालेलं होतं.

मग तारे परत आले

जसजसं नाटक अभिजात ठरत गेलं, तसतसे मोठे नट त्याच्याकडे परत येऊ लागले. आपल्याकडे ‘नटसम्राट’ १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी उभं केलं, मग दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा एकेका नटाने तो अंगरखा घालून पाहिला. प्रत्येक मोठ्या नटाला वाटतं की एकदा तरी आपण ते करावं. तसंच ‘गोदो’चं झालं.

१९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधल्या एका छोट्या, जेमतेम तीनशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात रॉबिन विल्यम्स आणि स्टीव्ह मार्टिन ही विनोदी चित्रपटांतली जोडी उभी राहिली. दिग्दर्शक माईक निकोल्स. तिकीट मिळणं मुश्कील. रॉबिन विल्यम्स हजरजबाबी माणूस, त्याला राहवेना, तो मध्येच आपल्या पदरच्या ओळी घालायचा. लोक खूप हसले, पण बऱ्याच समीक्षकांचं मत पडलं की बेकेट बाजूला राहिला आणि नटांचाच कार्यक्रम झाला. त्या संचात लकीचं काम बिल अर्विनने केलं होतं. मला आवडलेली गोष्ट अशी की, हाच अर्विन २१ वर्षांनी, २००९ मध्ये, ब्रॉडवेवर याच नाटकात व्लादिमिर म्हणून आला. जोडीला नेथन लेन आणि जॉन गुडमन. दोर गळ्यात घेऊन आलेला नट त्या झाडाखाली वाट पाहायला परत आला.

पण सगळ्यांत गाजलं ते लंडनचं पुनरुज्जीवन. त्याच २००९ च्या एप्रिलमध्ये थिएटर रॉयल हेमार्केटमध्ये इयन मॅकेलन झाले एस्ट्रॅगॉन आणि पॅट्रिक स्ट्यूअर्ट झाले व्लादिमिर. दिग्दर्शक शॉन मथायस. सायमन कॅलो पोझो आणि रोनाल्ड पिकप लकी. आपल्या मुलांना सांगायचं तर ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला गँडाल्फ आणि ‘एक्स-मेन’मधला प्रोफेसर एक्स. त्या चित्रपटांत मॅकेलन आणि स्ट्यूअर्ट एकमेकांचे शत्रू असतात. इथे ते पन्नास वर्षांची मैत्री असलेले दोन भणंग. दोघांचीही तेव्हा सत्तरी जवळ आलेली. शेक्सपिअर करण्यात आयुष्य गेलेलं. स्ट्यूअर्टनी सतराव्या वर्षी ब्रिस्टलला पीटर ओटूलला या नाटकात पाहिलं होतं आणि तेव्हापासून ते मनात धरून होते. पाच दशकं त्यांनीही वाट पाहिली म्हणायची.

नेपथ्य मोडकळीला आलेल्या नाट्यगृहासारखं. दोघं जणू काम संपलेले, जुन्या खेळांतले विदूषक, ज्यांना अजून कुणी रंगमंचावरून जायला सांगितलेलं नाही. प्रयोग हाऊसफुल्ल झाले. हे नाटक रडवतंही आणि हसवतंही, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. २०१३ च्या नोव्हेंबरात याच जोडीने ते न्यूयॉर्कच्या कोर्ट थिएटरमध्ये नेलं आणि हॅरल्ड पिंटरच्या ‘नो मॅन्स लँड’बरोबर आलटून पालटून मार्च २०१४ पर्यंत केलं.

मधल्या काळात, २०१० मध्ये, हे नाटक ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर होतं. मेलबर्नमध्ये रंगीत तालमीच्या मध्यंतरात मॅकेलन मोकळी हवा घ्यायला नाट्यगृहाबाहेर येऊन बसले. अंगावर एस्ट्रॅगॉनचे फाटके कपडे, दाढी वाढलेली, टोपी काढून पुढ्यात ठेवलेली. एक माणूस जाता जाता थांबला, मदत हवी का म्हणून विचारलं आणि टोपीत एक डॉलर टाकून निघून गेला.

मी ही गोष्ट वाचली तेव्हा आधी हसलो. नंतर वाटलं की त्या नटाला याहून मोठी पावती कोणती मिळणार? ब्रिटनच्या राणीने ‘सर’ केलेला, जगभर चेहरा ओळखीचा असलेला माणूस, आणि त्याला कुणी ओळखलंच नाही. मायामीत बर्ट लारला लोकांनी फार ओळखलं, तिथे नाटक पडलं. मेलबर्नच्या फुटपाथवर मॅकेलनना कुणी ओळखलं नाही, तिथे ते जिंकलं. नाव मोठं असलं की प्रेक्षक तिकीट काढून आत येतो. पण आत आल्यावर त्या नटाला स्वतःचं नाव दाराबाहेर ठेवावं लागतं. ते ज्याला जमलं, त्याचंच ‘गोदो’ उभं राहिलं.

हा सिलसिला अजून चालू आहे. २०२४ मध्ये त्याच हेमार्केटमध्ये बेन व्हिशॉ आणि लुसियन मसामाटी यांनी हे नाटक केलं. २०२५ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या हडसन थिएटरमध्ये ‘मेट्रिक्स’वाला किआनू रीव्ह्ज आणि त्याचा जुना मित्र ॲलेक्स विंटर ही जोडी आली.

जिथे वाट पाहणं खरं होतं

या झगमगाटाच्या बाजूने दुसरीही एक परंपरा चालत आली आहे. ती सॅन क्वेंटिनपासून सुरू होते.

१९८० मध्ये केप टाऊनच्या बॅक्स्टर थिएटरमध्ये जॉन कानी आणि विन्स्टन न्टशोना या कृष्णवर्णीय नटांनी ‘गोदो’ केलं. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वर्णभेदाचं राज्य होतं. जिथे प्रेक्षकांना रंगावरून वेगळं बसवतात तिथे आपलं नाटक करू द्यायचं नाही, अशी बेकेटची भूमिका होती.

१९९३ च्या ऑगस्टमध्ये वेढा पडलेल्या सारायेव्हो शहरात अमेरिकन लेखिका सूझन सॉन्टॅग यांनी तिथल्याच नटांना घेऊन हे नाटक बसवलं. वीज नव्हती, रंगमंचावर मेणबत्त्या. नटांना पुरेसं खायला मिळत नव्हतं. त्यांनी व्लादिमिर-एस्ट्रॅगॉनच्या तीन जोड्या केल्या आणि नाटकाचा फक्त पहिला अंक केला. शहर बाहेरच्या देशांच्या मदतीची वाट पाहत होतं. मदत आज येणार नाही, हा निरोप त्या प्रेक्षकांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि २००७ च्या नोव्हेंबरात न्यू ऑर्लिन्स. दोन वर्षांपूर्वीच्या कॅटरिना वादळाने आणि पुराने उद्ध्वस्त झालेल्या वस्तीत, रस्त्याच्या चौकातच, पॉल चॅन या कलावंताच्या पुढाकाराने प्रयोग झाले. प्रवेश मोफत. व्लादिमिरचं काम करणारा वेंडेल पिअर्स हा टीव्हीवरचा नावाजलेला नट, पण त्याच शहरातला. तिथे नेपथ्य लावावं लागलं नाही. पडकी घरं होतीच, आणि सरकारी मदतीच्या रांगेत दोन वर्षं उभे असलेले लोक समोर बसले होते.

आपल्याकडेही हे नाटक आलं. १९७९ च्या जुलैमध्ये मुंबईच्या पृथ्वी थिएटरमध्ये नसीरुद्दीन शाह, बेंजामिन गिलानी आणि टॉम ऑल्टर यांच्या ‘मोटली’ या संस्थेने आपलं पहिलंच नाटक केलं, ‘वेटिंग फॉर गोदो’, इंग्रजीतून. मराठीत या वळणाचं वारं त्याच्याही आधी आलं होतं. विजया मेहतांनी ‘रंगायन’मधून आयनेस्कोचं ‘खुर्च्या’ केलं, १९६६ मध्ये चिं. त्र्यं. खानोलकरांचं ‘एक शून्य बाजीराव’ केलं. १९७४ मध्ये सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ आलं. त्यातले भाऊराव मरूनही जुन्या स्मशानातच जाळा म्हणून अडून बसतात आणि सगळे ताटकळतात. काका म्हणतात, “ते नाटक पाहताना आम्ही चाळीतली माणसं म्हणून हसलो. ॲब्सर्ड वगैरे नंतर कळलं.”

आमच्या टेबलापलीकडचा बाक

आता मुख्य गोष्ट. पुस्तक वाचताना मी आधी स्वतःला व्लादिमिरच्या जागी ठेवत होतो. बढतीची वाट, थकबाकीची वाट, बदलीची वाट. सरकारी नोकराला वाट पाहणं काही नवीन नाही. पण काकांनी मला व्लादिमिर म्हटलं नव्हतं. त्यांनी मला निरोप आणणारा मुलगा म्हटलं होतं.

मी उपयंत्री आहे. आमच्या कार्यालयात माझ्या टेबलापलीकडे एक लाकडी बाक आहे. दोन वर्षांपूर्वी एक म्हातारे शेतकरी त्या बाकावर येऊन बसायचे. रस्ता रुंदीकरणात त्यांची विहीर गेली होती आणि तिच्या मूल्यांकनाचा कागद अडला होता. पहाटेच्या बसने यायचे, फडक्यात भाकरी बांधलेली. प्रस्ताव वरून त्रुटी काढून परत आला होता आणि निदान तीन महिने तरी काही होणार नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी म्हणायचो, “बाबा, पुढच्या आठवड्यात या, होऊन जाईल.” वाईट हेतू नव्हता. त्यांचा चेहरा पडू नये, आणि खरं सांगायचं तर माझ्यासमोर वाद होऊ नये, एवढंच. ते अकरा वेळा आले.

बाराव्या वेळी त्यांचा मुलगा आला. वडिलांचा गुडघा धरला होता. त्याने विचारलं, खरं सांगा, किती दिवस लागतील? मी खरं सांगितलं. तो रागावला नाही. पाणी प्यायला आणि माळवीत म्हणाला त्याचा अर्थ असा, “हे आधीच सांगितलं असतं तर बाबांचं बसभाडं तरी वाचलं असतं.” नाटकातला तो पोरगा दुसऱ्या दिवशी म्हणतो की काल आलो तो मी नव्हेच. मला तेही म्हणता येईना, कारण अकराही वेळा टेबलामागे मीच होतो.

आपल्या शहराला वाट पाहणं काय असतं ते शिकवायला नको. हुकूमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. कामगारांच्या देण्यांचा निकाल लागून सुमारे २२४ कोटी रुपये मिळायला डिसेंबर २०२३ उजाडलं. जवळपास ४,८०० कामगारांचा हा प्रश्न. कित्येकजण तोवर गेले होते, त्यांच्या विधवा आणि मुलं रांगेत उभी राहिली. पण मिल बंद पडल्यावरही अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या निघत राहिल्या. मिल बंद, पगार बंद, तरी वर्गणी काढून कामगारांनी दिवे लावले आणि रात्रभर मिरवणूक काढली. बेकेटचे दोघं जागचे हलत नाहीत. आमचे मिल कामगार वाट पाहता पाहता झांकी काढत राहिले. हा फरक मला लक्षात ठेवावासा वाटतो.

यंदाही सूत्रसंचालन माझ्याकडेच आहे. कार्यकारिणीत मी एक प्रस्ताव मांडला आणि तो मंजूर झाला. कार्यक्रम साडेसातला सुरू होईल. पाहुणे आले तर त्यांचं स्वागत, नारळ आणि शाल ठेवलेली आहे. उशीर झाला तर बक्षिसं काका देतील. आणि माईकवरून “पाहुणे जवळ आले आहेत” असं कुणी म्हणणार नाही.

त्या शेतकऱ्यांच्या विहिरीचा कागद पुढे पाच महिन्यांनी मंजूर झाला. कळवायला मी फोन केला. फोन त्यांनीच उचलला. म्हणाले, “आता यायचं ना साहेब? की पुढच्या आठवड्यात?” मी म्हटलं, “यायचं नाही, बाबा. कागद मीच घेऊन येतो.” आणि त्या शनिवारी गेलो.